ऱ्हाईन नदीवर बसून काढलेला दिवस

दुपारची भांडी झाली का? नसतील झाली तरी राहू द्यात, घासता घासता ऐका. गेल्या बैठकीत तुम्ही सगळ्यांनी मला विचारलं होतं, "ताई, तुम्ही परदेशात तीन महिने होतात, तिथं काय पाहिलंत ते रेडिओवर सांगा की." तीन महिन्यांपैकी पावणेतीन महिने मी बाळाचे लंगोट धुतले आणि डिंकाचे लाडू वळले, ते काय सांगायचं! एकच दिवस वेगळा होता, तो सांगते.

माझी धाकटी बहीण जर्मनीत कोलोन शहरात राहते. तिचं बाळंतपण करायला आई जायची होती. आईनं त्याआधी एसटीशिवाय दुसऱ्या कशातून लांबचा प्रवास केलेला नाही, म्हणून सोबतीला मी गेले. आपल्या गटांचं काम तेवढ्यापुरतं शेजारच्या सहयोगिनीकडं दिलं होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा बहिणीनं आणि जावयांनी परस्पर ठरवून आमची दोघींची नदीवरच्या जहाजाची तिकिटं काढली. दोन रात्री, तीन दिवस. बहीण म्हणाली, "आईनं आयुष्यात एक दिवस तरी काम न करता बसलेलं मला बघायचंय." किती पैसे पडले ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण मी तिकिटावरचा आकडा बघितला आणि आपल्या मानधनाशी भागून बघितला. त्यानंतर दोन तास माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आपण समुद्रातल्या जहाजांचे फोटो बघतो, दहा-दहा मजली, तसं हे नव्हतं. नदीवरचं जहाज लांबट आणि ठेंगणं असतं. आमचं होतं ११० मीटर लांब आणि साडेअकरा मीटर रुंद, म्हणजे एसटीच्या दहा गाड्या एकामागं एक लावल्या तर जेवढं होईल तेवढं. खाली खोल्या, मधे जेवणाचा हॉल आणि वर सगळी मोकळी गच्ची. गच्चीवर आरामखुर्च्या मांडलेल्या.

पहिल्या संध्याकाळी कोलोनहून निघालो आणि रात्रभर झोपेतच नदी चढून गेलो. दुसरा दिवस रूडेसहाइम नावाच्या गावात फिरण्यात गेला, तो सोडून देते. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जहाज परत फिरलं. रूडेसहाइम ते कोलोन हे नदीचं अंतर १६२ किलोमीटर. प्रवाहाच्या दिशेनं जायचं असल्यामुळं दुपारी चार-साडेचारपर्यंत पोचणार होतो. मधे कुठं उतरायचं नव्हतं. म्हणजे दिवसभर काम एकच, बसायचं.

आईला ते जमेना. पहाटे पाचला उठून तिनं दोन्ही पलंग झाडून-आवरून ठेवले, न्हाणीघर पुसून घेतलं, चहाचे कप धुऊन पालथे घातले. खोली आवरायला जी मुलगी यायची ती फिलिपिन्स देशाची. ती दारात उभी राहिली आणि हसायलाच लागली. तिनं आईला हातानं खुणावलं, हे माझं काम, तू वर जा. आई मला म्हणाली, "अगं, धडधाकट बाईमाणसानं दुसऱ्याला आपलं अंथरूण काढायला लावायचं म्हंजे बरं दिसतंय का?" मी तिला जवळजवळ ओढतच गच्चीवर नेलं. नेसण्यावर स्वेटर, पायात जाड मोजे, कानाला रुमाल. मे महिना होता, पण वारा आपल्या पौषातला. तिथल्या माणसानं आणून दिलेलं घोंगडं पांघरून ती खुर्चीच्या कडेवर बसली, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं अशी.

आता नदीचं सांगते. ऱ्हाईन स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या डोंगरात उगवते आणि नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. लांबी सुमारे १२३० किलोमीटर, आपल्या कृष्णेहून थोडी कमीच. तिच्या काठावर दर किलोमीटरला पांढऱ्या पाटीवर मोठा काळा आकडा लिहिलेला असतो. मोजणी सुरू होते कोन्स्टान्झ गावच्या पुलापासून. रूडेसहाइमला ५२६ होता, कोलोनला ६८८ येणार होता. आईला अक्षरं नीट लागत नाहीत, पण गटात आल्यापासून आकडे पक्के झालेत. तिला एक काम मिळालं. प्रत्येक पाटी आली की ती मोठ्यानं वाचायची. पाचशे एकतीस. पाचशे बत्तीस. शेजारच्या खुर्चीतला एक म्हातारा जर्मन जोडपं तिच्याकडं बघून त्यांच्या भाषेत तोच आकडा म्हणायचं. असा त्यांचा संवाद दुपारपर्यंत चालला होता.

रूडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतचा ६५ किलोमीटरचा पट्टा डोंगर चिरून गेलेला आहे. २००२ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. दोन्ही बाजूंना उभे चढ आणि त्यावर चाळीसएक किल्ले. चढांवर द्राक्षबागा. आपल्याकडं तासगाव-कवठेमहांकाळकडं बागा सपाटीला असतात, इथं माणूस घसरेल अशा उतारावर. पाटीच्या दगडांचे ताली रचून माती धरलेली. ट्रॅक्टर चढत नाही, बरंच काम हातानंच. माणसं वाकून वेली बांधत होती. आई पहिल्यांदा नीट मागं टेकून बसली ती ते बघायला. म्हणाली, "हितं विरळणीला जायचं म्हंजे कमरंला दोरी बांधून जावं लागंल." जावयांनी नंतर सांगितलं की या बागांत आता बरेचसे मजूर पोलंड आणि रुमानियातून येतात. म्हणजे तिथंही टोळ्याच.

काऊब गावापाशी नदीच्या ऐन मध्यात एक छोटा पांढरा किल्ला आहे. तो १३२७ च्या सुमाराचा. कशासाठी, तर टोल घ्यायला! साखळी ताणून नावा अडवायच्या आणि पैसे घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. १८६० च्या दशकापर्यंत हे चाललं होतं. आपल्या हायवेवरच्या टोलनाक्याची मला फार आठवण आली.

याच काऊबला नदीची पाणी मोजायची पट्टी आहे आणि मालवाहू नावांचं सगळं लक्ष तिच्यावर असतं. २०१८ च्या ऑक्टोबरात ती २५ सेंटीमीटरवर उतरली होती. नदीत तेवढंच पाणी होतं असा याचा अर्थ नाही, नावांची वाट त्याहून खोल असते. पण एवढं पाणी उतरलं की नावा अर्ध्याही भरता येत नाहीत, कोळसा आणि तेल अडकून पडतं, कारखाने खोळंबतात. २०२२ च्या उन्हाळ्यातही तसंच झालं. आईला हे सांगितलं तर तिला पटेना. समोर एवढं पाणी वाहतंय आणि ही म्हणते दुष्काळ! मग थोड्या वेळानं म्हणाली, "आपली माणगंगाबी पावसाळ्यात बघितली तर कुणाला खरं वाटंल?"

पुढं लोरेलाय नावाचा मोठा कडा येतो. पाण्यापासून १३२ मीटर उंच. तिथं नदी अरुंद होते, वळते, पाण्याखाली खडक. पूर्वी पुष्कळ नावा फुटल्या. आजही वळणावर नावांना दिव्यांच्या खुणा कराव्या लागतात. आणि गोष्ट काय सांगतात, तर कड्यावर एक सुंदर बाई बसून केस विंचरत गाते, तिच्याकडं बघण्याच्या नादात नावाडी बुडतात. जहाजावर त्या वेळी तिचं गाणंही लावतात. मी शोध घेतला तर कळलं की ही काही जुनी लोककथा नव्हेच. ब्रेन्टानो नावाच्या कवीनं १८०१ साली ती बाई रचली आणि १८२४ मध्ये हाइन या मोठ्या कवीच्या कवितेनं ती घराघरात पोचली. खडक पाण्याखाली, वळण नदीचं, नाव चालवणारा पुरुष, आणि दोष केस विंचरणाऱ्या बाईचा. आपल्या बैठकीत हे सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या एका सुरात काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे.

मालाच्या नावा सारख्या शेजारून जात होत्या. त्यांच्या मागच्या टोकाला घर असतं, खिडकीला पडदे, कुंड्या, छपरावर चारचाकी गाडीसुद्धा. काही नावांवर नवरा-बायको राहतात आणि चालवतात. एका नावेवर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. आईनं हात केला. तिनंही चिमटा धरलेला हात वर केला.

अकराच्या सुमाराला कोब्लेन्झ आलं. तिथं मोझेल नदी येऊन ऱ्हाईनला मिळते. गावाच्या नावाचा मूळ अर्थच संगम. आपल्या कराडसारखं. टोकाला घोड्यावर बसलेल्या बादशहाचा भला मोठा पुतळा आहे, आईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पाण्याला हात जोडले.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते. जहाजावर एक छापील कागद देतात. कुठल्या किलोमीटरला कुठलं गाव, कुठला किल्ला, कुठला पूल. कोब्लेन्झ मागं पडल्यावर मी पुढची नावं बघत होते. नॉयवीड गावाजवळच्या पुलाचं नाव होतं, रायफायझन पूल. मैत्रिणींनो, मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. बीएला अर्थशास्त्र होतं तेव्हा सहकाराचा एक पेपर होता. त्यात "रायफायझन पतसंस्थेची वैशिष्ट्ये लिहा" हा प्रश्न ठरलेला. मी ती वैशिष्ट्यं पाठ करून पास झाले. हा माणूस खरोखर कुठं राहत होता, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. तो याच नदीच्या काठी राहत होता.

मी आईला सांगायला लागले. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन १८१८ साली जन्मला. खेड्यांचा कारभार बघणारा तो अधिकारी, बर्गरमास्टर म्हणतात तसा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्यानं पीठ मिळवलं, गावात भट्टी लावून पाव भाजले आणि गरिबांना उधारीवर दिले, पीक आलं की फेडा म्हणून. मग त्याची बदली झाली फ्लामर्सफेल्डला. तिथं त्यानं पाहिलं की शेतकऱ्याला गाय घ्यायची तर गुरांच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्यावी लागते. हप्ता चुकला की व्यापारी गायही नेतो, दिलेले पैसेही बुडतात. १८४९ मध्ये त्यानं तिथं गुरं घ्यायला मदत करणारी संस्था काढली.

"म्हस न्यायचे," आई म्हणाली.

मी म्हटलं, "गाय, आई. तिकडं गाई."

"तेच. चंद्रीला नेली तशी."

चंद्री आमची म्हैस. मी सातवीत होते, दुष्काळाचं साल होतं. तिला चरायला मीच न्यायची. एक दिवस शाळेतून आले तर गोठा रिकामा. आई म्हणाली, विकली बाजारात. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. मला वाटलं होतं, मला न विचारता विकली. त्यानंतर घरात कितीतरी वर्षं कोरा चहा होता आणि प्रत्येक घोटाला मी मनात आईला बोल लावायची.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. सगळे खाली गेले. ते म्हातारं जोडपंही गेलं. एरवी वेळेला पानावर जाणारी आई हलली नाही. पुलाचा मधल्या बेटावरचा उंच खांब आणि त्याला ताणलेल्या तारा समोर दिसायला लागल्या होत्या. तिकडं बघत तिनं सांगितलं. वडिलांनी बोअर मारायला सावकाराकडून पाच हजार घेतले होते, महिना शेकडा पाचनं. बोअर कोरडी गेली. कागद काही नव्हता, तोंडी बोलणं, जामीन म्हणून म्हैस. तिसऱ्या महिन्यात तो माणूस दोन गडी घेऊन आला आणि ताजी व्यालेली चंद्री, रेडकासकट, सोडून घेऊन गेला. दावंसुद्धा ठेवलं नाही. तरी कर्ज उरलंच. म्हणून आई दोन वर्षं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होती. आम्हाला सांगितलं होतं, रस्ता होतोय, चार पैसे मिळतील. वडील त्या लाजेनं त्या माणसाच्या गल्लीतून पुन्हा कधी गेले नाहीत.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कवा सांगू? सकाळी तू शाळेत, मी कामावर. रातच्याला भाकरी. आन् मग ऱ्हाऊनच गेलं."

पूल डोक्यावरून गेला. मी आईच्या पायावर घोंगडं ओढून दिलं, दुसरं काय करायचं ते सुचेना.

बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं, "मग त्या तुझ्या माणसानं पुढं काय केलं?" मी उरलेलं सांगितलं. त्याच्या आधीच्या संस्था श्रीमंतांच्या पैशावर चालायच्या. दानत संपली की संस्थाही ढेपाळायची. तेव्हा त्याला कळलं की ज्यांना कर्ज लागतं त्यांनीच सभासद व्हायचं, त्यांनीच एकमेकांची हमी घ्यायची. १८६४ मध्ये त्यानं हेडेसडोर्फला तशी कर्जसंस्था काढली, ते गाव आता नॉयवीडमध्येच आलंय. संस्था छोटी, एका परिसरापुरती, सगळे एकमेकांना ओळखणारे. चालकांना पगार नाही. त्याची नजर फार अधू झाली होती, त्याची थोरली मुलगी आमाली त्याचं लिहिण्या-वाचण्याचं काम करायची. १८८८ मध्ये तो वारला. आपल्याकडं १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो याच धर्तीवर. २०१६ मध्ये सहकाराच्या या कल्पनेला युनेस्कोनं मानवाचा वारसा म्हणून नोंदवलं. परीक्षेत मी हे एवढं नीट लिहिलं नव्हतं.

आई म्हणाली, "वसुलीला कोण जायचं?"

"कुणी लांबचं नाही. गावातलेच."

"मग बराबर हाय. रोज पाणी भरायला जिचं तोंड बघायचं, तिचं कसं बुडवशील?"

त्यानंतर आम्ही जेवलो. उकडलेले बटाटे, पाव, कसलंसं सूप, आणि आईच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी. गुरुवार होता, पण आईनं उपास सोडला. परदेशात देव समजून घेतो म्हणाली.

रेमागेनला नदीच्या दोन्ही काठांवर काळे बुरूज उभे आहेत, मधला पूल मार्च १९४५ मध्ये युद्धात कोसळला तो परत बांधलाच नाही. बॉन आलं, एके काळची राजधानी. ही सगळी ठिकाणं पाहण्यासारखी आहेत, पण खरं सांगते, मी नीट पाहिली नाहीत. मी हिशेब करत होते. शेकडा पाचनं पाच हजाराचं वर्षाचं व्याजच तीन हजार होतं.

तीनच्या सुमाराला आई दिसेना. खाली जाऊन बघते तर जेवणाच्या हॉलमध्ये ती फिलिपिन्सची मुलगी रात्रीसाठी कापडी रुमालांच्या घड्या घालत होती आणि समोर आमच्या मातोश्री, हातात रुमाल! मी काही बोलायच्या आत तिथला मोठा साहेब आला आणि हसत, नम्रपणानं सांगितलं की पाहुण्यांनी काम करायचं नाही. आईनं मला विचारायला लावलं, "ही बाई बसते कवा?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, दुपारी दोन तास मिळतात, ती झोपते. सहा वर्षांचा मुलगा आहे, तिच्या आईकडं ठेवलाय, फोनवर बघते. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा आई गप्प झाली. खोलीत जाऊन राजगिऱ्याच्या लाडवांचा उरलेला डबा घेऊन आली आणि तिच्या हातात दिला. त्या मुलीनं तिला रुमालाचं कमळ करायला शिकवलं. साहेब त्या वेळी दुसरीकडं बघत होता.

सहाशे अठ्ठ्याऐंशीची पाटी आली तेव्हा कोलोनच्या चर्चचे दोन सुळके दिसत होते, १५७ मीटर उंच, बांधायला घेतलं १२४८ मध्ये आणि पुरं झालं १८८० मध्ये. धक्क्यावर बहीण बाळाला घेऊन उभी होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, "आई, बसलीस का गं?"

गावी परत आल्यावर आईच्या गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झालं, मग बायकांनी तिला घेरलं. जहाजावर काय केलंत? ती म्हणाली, "बसले." अन् अजून काय? "बसले की. सकाळपासनं चार वाजेपतोर." कुणाचा विश्वास बसेना. मग तिनं पदरानं हात पुसून बैठकीच्या सतरंजीवरचा एक रुमाल घेतला आणि कमळ करून दाखवलं.

चंद्रीचं मात्र तिथं बोलली नाही. हे भाषण लिहिलं तेव्हा मी तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, सांगू का रेडिओवर? तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, "सांग. पर त्या माणसाचं नाव घिऊ नगंस. त्याची सून आपल्या गटात हाय."